ब्रॉयलर कोंबडीत मांस कसे वाढते? मायक्रोआरएनएचे काम आणि पहिल्या सात दिवसांचे महत्त्व

एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली पिल्ले. एक लॉट चाकणजवळच्या शेडमध्ये गेला, दुसरा शेजारच्या गावात. खाद्य एकाच कंपनीचे, लसीकरणही सारखेच. तरीही लिफ्टिंगच्या वेळी एका शेडमधील पक्ष्याचे सरासरी वजन दुसऱ्यापेक्षा दीडदोनशे ग्रॅमने कमी भरते. खेड, मावळ, मुळशी, शिरूर भागातील करार पद्धतीने कुक्कुटपालन करणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांनी हा अनुभव घेतलेला असतो. अशा वेळी दोष पिल्लांना, खाद्याला किंवा नशिबाला दिला जातो.

या फरकाचा मोठा भाग स्नायूंच्या पेशींमध्ये ठरतो. कोंबडीच्या स्नायूत किती तंतू तयार व्हायचे, पेशींनी कधी वाढायचे आणि कधी थांबायचे, यावर अनेक नियंत्रणे असतात. मायक्रोआरएनए हे त्यातील एक महत्त्वाचे नियंत्रण आहे. ते विकत घेऊन पक्ष्याला पाजता येत नाही. मात्र ते ज्या काळात सर्वांत महत्त्वाचे काम करते, त्या काळात पिल्लाची सोय कशी ठेवायची, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- छातीच्या व मांडीच्या स्नायूतील तंतूंची संख्या पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास जवळजवळ ठरलेली असते. त्यानंतर तंतू जाड होतात व लांबतात.
- तंतू जाड होण्यासाठी लागणाऱ्या राखीव पेशी पहिल्या आठवड्यात सर्वांत वेगाने वाढतात. हा काळ वाया गेला तर पुढे तो भरून निघत नाही.
- मायक्रोआरएनए हे जनुकांचे काम कमीजास्त करणारे अतिसूक्ष्म रेणू आहेत. ते पक्ष्याच्या स्वतःच्या पेशीत तयार होतात.
- स्नायूवाढीसाठी मायक्रोआरएनएचे कोणतेही औषध, टॉनिक किंवा इंजेक्शन कुक्कुटपालनात वापरले जात नाही. अशा दाव्यावर पैसे खर्च करू नयेत.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

चाकण, भोसरी, तळवडे परिसरात घरटी एक तरी माणूस एमआयडीसीत कामाला आहे. म्हणून कारखान्याचेच उदाहरण घेऊ.

कंपनीत मूळ ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात बंद असते. शॉप फ्लोअरवर त्याची प्रत जाते. ती प्रत बघून ऑपरेटर मशीनवर पार्ट तयार करतो. पार्ट पुरेसे झाले की सुपरवायझर ती प्रत मशीनवरून काढून घेतो. मूळ ड्रॉइंगला हात लागत नाही, मशीनही तेच राहते, पण उत्पादन थांबते.

पेशीतही असेच चालते. मूळ ड्रॉइंग म्हणजे डीएनएमधील जनुक. त्याची प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही प्रत वाचून पेशी प्रथिन तयार करते, आणि स्नायू म्हणजे मुख्यतः प्रथिनेच. प्रत काढून घेणाऱ्या सुपरवायझरचे काम मायक्रोआरएनए करतो.

मायक्रोआरएनए फक्त २२ अक्षरांच्या आसपास लांबीचा असतो. सुरुवातीला तो मोठ्या, दुमडलेल्या धाग्याच्या रूपात तयार होतो. ड्रोशा आणि डायसर ही दोन विकरे त्याला टप्प्याटप्प्याने कापतात. मग तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. तिथून तो आपल्याशी जुळणारी संदेशवाहक आरएनएची प्रत शोधतो. पूर्ण लांबी जुळण्याची गरज नसते, सुरुवातीची सहा ते आठ अक्षरे जुळली तरी पुरते. प्रत सापडली की तिचे वाचन थांबते किंवा ती प्रत मोडली जाते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांच्या प्रतींवर काम करतो आणि एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनए काम करतात. दुसरी, त्यांचा परिणाम बहुधा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असा नसतो. ठिबकचा व्हॉल्व्ह थोडा पिळावा तसे ते उत्पादन कमी करतात.

पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एका अगदी लहान सूत्रकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या या शोधाला २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर माणूस, मेंढी, डुक्कर, मासे आणि कोंबडी या सर्वांत असे शेकडो रेणू आढळले आहेत.

कोंबडीचा स्नायू कसा तयार होतो?

अंडी उबवण्याच्या २१ दिवसांत स्नायूचा पाया घातला जातो. सुरुवातीला स्नायूच्या आद्य पेशी वेगाने वाढतात. नंतर त्या वाढ थांबवून एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यातून लांब स्नायूतंतू तयार होतात. दोरखंडात जसे अनेक पेड असतात, तसे एका स्नायूत हजारो तंतू असतात.

पिल्लू बाहेर येईपर्यंत तंतूंची संख्या जवळपास पक्की झालेली असते. पुढे सहा आठवड्यांत छाती भरते ती आहे तेच तंतू जाड झाल्यामुळे. तंतू जाड होताना त्याला नवीन केंद्रके लागतात. ती पुरवण्याचे काम तंतूला चिकटून असलेल्या राखीव पेशी करतात. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. या पेशी वाढतात, तंतूत विलीन होतात आणि तंतूची प्रथिने तयार करण्याची क्षमता वाढवतात.

या राखीव पेशींची सर्वांत जास्त धावपळ पिल्लू बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. इस्रायलमधील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिल्लांना सुरुवातीचे दोन दिवस उपाशी ठेवून पाहिले. या पिल्लांमध्ये राखीव पेशींची वाढ घटली. पुढे भरपूर खाद्य देऊनही विक्रीच्या वयात छातीचे मांस कमीच भरले. पहिल्या दोन दिवसांचा तोटा सहाव्या आठवड्यात दिसतो, तो असा.

स्नायूंवर काम करणारे प्रमुख मायक्रोआरएनए

काही मायक्रोआरएनए मुख्यतः स्नायूंमध्येच आढळतात. त्यांची कामे बहुतांशी उंदराच्या पेशींवर प्रथम उलगडली आणि कोंबडीच्या स्नायूंतही हेच रेणू मिळतात.

- एमआयआर-१: आद्य पेशींना वाढ थांबवून तंतू बनण्याकडे ढकलतो. तंतू बनण्यात अडथळा आणणाऱ्या एचडीएसी-४ या प्रथिनाचे उत्पादन तो कमी करतो.
- एमआयआर-१३३: पेशींची संख्या वाढत राहण्यास मदत करतो. एमआयआर-१ आणि हा दोघे जनुकसंचात शेजारी-शेजारी असून जोडीने तयार होतात, पण कामे जवळजवळ उलटी करतात. संख्या आणि तंतू यांचा तोल त्यामुळे राखला जातो.
- एमआयआर-२०६: राखीव पेशींना राखीव ठेवणाऱ्या पॅक्स-७ या प्रथिनाचे उत्पादन कमी करतो. त्यामुळे पेशी कामाला लागून तंतूत सामील होते.
- एमआयआर-२०३: कोंबडीच्या गर्भात उबवणीच्या साधारण १० व्या ते १६ व्या दिवसादरम्यान दिसतो आणि नंतर जवळपास नाहीसा होतो. तो असेपर्यंत पेशींची वाढ आणि तंतू बनणे या दोन्हींना लगाम असतो. चीनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवले.
- लेट-७बी: वाढीच्या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणाऱ्या ग्राहक प्रथिनाचे उत्पादन मर्यादित ठेवतो.

या यादीतून एक चित्र स्पष्ट होते. स्नायू वाढवणारा एकच रेणू नसतो. आधी संख्या, मग तंतू, मग जाडी असा क्रम असतो आणि प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळे सुपरवायझर ड्युटीवर असतात. चुकीच्या वेळी एखाद्याचे प्रमाण वाढवले, तर वाढ होण्याऐवजी थांबूही शकते.

एका अक्षराने मांस वाढले: टेक्सेल मेंढीचे उदाहरण

मायक्रोआरएनएचा मांसाशी थेट संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसला तो मेंढीत. टेक्सेल ही युरोपातील मांसल मेंढी आहे. प्राण्याच्या शरीरात मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन असते. ते स्नायूवाढीला ब्रेक लावते. २००६ मध्ये संशोधकांना आढळले, की टेक्सेल मेंढीच्या मायोस्टॅटिन जनुकाच्या शेवटच्या भागात एकच अक्षर बदललेले आहे. त्या बदलामुळे एमआयआर-१ आणि एमआयआर-२०६ यांना तिथे बसायला जागा मिळाली. स्नायूंमध्ये हे दोन्ही भरपूर असल्यामुळे मायोस्टॅटिन कमी तयार होते, ब्रेक सैल पडतो आणि मेंढी मांसल होते.

कोंबडीत उलट्या दिशेचे उदाहरण आहे. बुटक्या कोंबड्यांच्या एका प्रकारात वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहक जनुकाचा शेवटचा तुकडाच गळालेला असतो. लेट-७बी जिथे बसतो ती जागाही त्या तुकड्याबरोबर गेलेली असते. लगाम सुटतो, पण ग्राहक प्रथिनच सदोष असल्याने पक्षी बुटका राहतो. म्हणजे केवळ लगाम काढून काम भागत नाही, मूळ यंत्रणाही धड असावी लागते.

भारतात काय काम झाले आहे?

हैदराबाद येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात याच तत्त्वाशी जोडलेले काम झाले. तेथील शास्त्रज्ञांनी मायोस्टॅटिनच्या प्रतींशी जुळणारा छोटा आरएनए कोंबडीच्या पेशीत तयार होईल अशी व्यवस्था केली. हा कृत्रिम आरएनए पेशीतील डायसर व आर्गोनॉट हीच यंत्रणा वापरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मायोस्टॅटिन दाबलेल्या पक्ष्यांचे वजन इतरांपेक्षा जास्त भरले.

हा प्रयोगशाळेतील प्रयोग आहे. जनुकीय बदल केलेल्या प्राण्यांसाठी देशात पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू आहेत. अशी कोंबडी बाजारासाठी आपल्याकडे मंजूर नाही. त्यामुळे तुमच्या शेडमध्ये येणारे पिल्लू हे निवड पद्धतीने पैदास केलेलेच असते.

निवड पद्धतीत जनुकांची माहिती कशी उपयोगी पडते, याचे उदाहरण आपल्या राज्यात आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीतील जुळी देणारे फेकबी जनुक दख्खनी मेंढीत नेहमीच्या संकर पद्धतीने आणले. कोणत्या कोकरात ते जनुक आहे हे डीएनए चाचणीने ओळखले गेले. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. हे जनुक मायक्रोआरएनएचे नाही, पण मार्ग तोच आहे. स्नायूंतील मायक्रोआरएनएची माहितीही शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल ती मुख्यतः अशा पैदाशीतून, म्हणजे अधिक चांगल्या पिल्लाच्या रूपात.

जातीनुसार वाढीत फरक का पडतो?

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ मधील कोंबड्यांच्या पैदासी एकाच पद्धतीने, एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या गेल्या. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच, वातावरण तेच. फरक फक्त पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीचा.

ग्राहकाला हे आकडे सांगणे गरजेचे आहे. पिंपरी-चिंचवडच्या बाजारात आजही "ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात" असे ऐकू येते. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना पसरतो ही अफवा उठली तेव्हा भाव किती कोसळले, हे शेतकरी विसरलेले नाहीत. अशा अफवांना उत्तर द्यायचे तर आपल्याला खरी माहिती असली पाहिजे.

ब्रॉयलर आणि अंड्यांवरील जातींच्या स्नायूंची तुलना चीनमधील शास्त्रज्ञांनी केली आहे. गर्भावस्थेतच दोन्हींच्या स्नायूंमध्ये अनेक मायक्रोआरएनएचे प्रमाण वेगळे आढळले. म्हणून लेअर जातीच्या नर पिल्लाला ब्रॉयलरचे खाद्य घातले तरी तो ब्रॉयलरसारखा वाढत नाही. कडकनाथ २० आठवड्यांत साधारण एक किलोच्या आसपास भरतो, तोही याच कारणाने. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती या दोन टोकांच्या मध्ये आहेत. जात निवडताना आपला बाजार पाहावा. कंपनीच्या करारात ब्रॉयलर, गावरान चवीला जादा दर देणाऱ्या ग्राहकासाठी कडकनाथ किंवा देशी, आणि परसातील पालनासाठी सुधारित जात, असा हिशोब ठेवावा.

जास्त मांस म्हणजे जास्त फायदा, असे नेहमी नसते

वेगवान वाढीची किंमतही असते. अतिशय वेगाने वाढलेल्या, जड पक्ष्यांच्या छातीत कधी कधी पांढऱ्या रेषा दिसतात, तर कधी छातीचे मांस लाकडासारखे कडक लागते. तंतू इतके जाड होतात की त्यांना रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही तंतू मरतात आणि तिथे चरबी व कठीण ऊती साठतात. पोटात पाणी होणे, पाय अधू होणे, उन्हाळ्यात अचानक मरणे या समस्याही जड पक्ष्यांत जास्त असतात.

त्यामुळे ठरलेल्या वजनानंतर पक्षी शेडमध्ये रेंगाळू देऊ नयेत. लिफ्टिंग लांबणार असेल तर कंपनीच्या सुपरवायझरशी वेळीच बोलावे. पक्ष्यांची दाटी आणि उष्णता हाताळण्याची तयारी ठेवावी.

तुमच्या हातात काय आहे? टप्प्यानुसार व्यवस्थापन

पिल्ले येण्यापूर्वी

- पिल्ले उबवणी केंद्रातून किती वाजता निघणार, हे आधी विचारावे. पुणे-नाशिक महामार्गावर, विशेषतः चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटण्याच्या वेळी गाडी अडकली, तर पिल्लांचे उपाशी राहण्याचे तास वाढतात. शक्य तिथे पहाटे पोहोचणारी गाडी मागावी.
- शेड धुऊन, निर्जंतुक करून, कोरडे ठेवावे. मावळ-मुळशीतील भातगिरण्यांतून मिळणारे तूस लिटरसाठी चांगले असते. ते कोरडे व बुरशीमुक्त असल्याची खात्री करावी. थर दोन ते तीन इंच ठेवावा.
- ब्रूडर पिल्ले येण्याच्या आधी किमान काही तास, थंडीत आदल्या दिवसापासून चालू ठेवावेत. हवा गरम असून तूस थंड असेल, तर पिल्लाच्या पायातून उष्णता निघून जाते.
- वीज गेल्यास पर्याय तयार ठेवावा. गॅस ब्रूडर, शेगडी किंवा जनरेटर यांपैकी एक व्यवस्था तपासून ठेवावी. शेगडी वापरल्यास धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी.

पहिले २४ तास

- पिल्ले उतरवताच प्रथम पाणी आणि लगेच प्री-स्टार्टर खाद्य द्यावे. काही तास फक्त गुळाचे पाणी देऊन खाद्य उशिरा देण्याची जुनी पद्धत टाळावी. खाद्य पोटात गेल्यावर पोटातील पिवळा बलकही चांगला वापरला जातो.
- चिक गार्डच्या आत कागद पसरून त्यावर खाद्य टाकावे. पिल्लाला पाऊल टाकताच दाणा दिसला पाहिजे.
- ब्रूडरखालील तापमान पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवावे. थर्मामीटर भिंतीवर टांगून उपयोग नाही.
- गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी हळूच चाचपून पाहावी. आठ तासांनी १०० पैकी ८० पेक्षा जास्त आणि २४ तासांनी ९५ पिल्लांची पिशवी भरलेली व मऊ असावी. पिशवी कडक लागली तर पाणी कमी पडले आहे, रिकामी असेल तर पिल्लू खाद्यापर्यंत पोहोचलेले नाही.

दुसरा ते सातवा दिवस

- पिल्ले ब्रूडरखाली गोळा झाली तर थंडी आहे. कडेला जाऊन धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सर्वत्र सारखी पसरलेली, खाणारी-पिणारी पिल्ले म्हणजे तापमान योग्य आहे.
- डिसेंबर-जानेवारीत या भागात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. पहाटे दोन ते पाच या वेळेत शेडमध्ये एक फेरी अवश्य मारावी. पडदे पूर्ण बंद करून अमोनिया कोंडू देऊ नये. वरून थोडी फट ठेवावी.
- खाद्यातील प्रथिनांबरोबर लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले योग्य प्रमाणात असावीत. पेशीत प्रत गेली, मशीन तयार आहे, पण कच्चा मालच नाही, अशी वेळ येऊ देऊ नये. करारातील खाद्यात मका किंवा इतर काही मिसळू नये.
- पाण्याची भांडी रोज धुवावीत. बोअरचे पाणी वर्षातून किमान एकदा तपासून घ्यावे.
- सातव्या दिवशी वजन घ्यावे. ते पहिल्या दिवसाच्या वजनाच्या किमान चारपट असावे. ४२ ग्रॅमचे पिल्लू सातव्या दिवशी १७० ते १८० ग्रॅम किंवा त्याहून अधिक भरले, तर सुरुवात चांगली झाली.

दुसऱ्या आठवड्यापासून विक्रीपर्यंत

- तापमान दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यावे.
- वाढीनुसार जागा वाढवावी. खाद्य व पाण्याच्या भांड्यांची उंची पक्ष्याच्या पाठीच्या पातळीवर ठेवावी.
- एप्रिल-मे मध्ये दुपारच्या उष्णतेत पक्षी खाद्य सोडतो आणि स्नायूतील प्रथिने तयार होण्याचा वेग मंदावतो. खाद्य पहाटे व संध्याकाळी उशिरा द्यावे. दुपारी थंड पाणी, छतावर गवत किंवा पांढरा रंग आणि फॉगर यांची सोय करावी.
- आजारात प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे आणि विक्रीपूर्वीचा सोडण्याचा कालावधी पाळावा. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केला आहे.

शेडमध्ये ठेवायच्या पाच नोंदी

१. उबवणी केंद्रातून निघाल्याची आणि शेडमध्ये उतरल्याची वेळ.
२. पहिल्या दिवसाचे व सातव्या दिवसाचे सरासरी वजन, किमान १०० पिल्लांचे.
३. आठ व २४ तासांनी भरलेल्या अन्नपिशव्यांची संख्या.
४. पहिल्या सात रात्रींचे सर्वांत कमी तापमान.
५. रोजची मरतूक व खाद्याचा वापर.

तीन-चार लॉटच्या अशा नोंदी एकत्र ठेवल्या, तर कमी वजनाचे कारण अंदाजाने शोधावे लागत नाही. सातव्या दिवसाचे वजन कमी असेल तर दोष सुरुवातीच्या व्यवस्थापनात, वाहतुकीत किंवा पिल्लाच्या गुणवत्तेत आहे. ते चांगले असून शेवटी वजन घटले असेल, तर उष्णता, आजार, दाटी किंवा खाद्याकडे पाहावे. कंपनीशी बोलतानाही कागदावरची नोंद उपयोगी पडते.

शेतकरी नेहमी विचारतात

ब्रॉयलरला हार्मोनचे इंजेक्शन देतात का?
नाही. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. ते खाद्यातून दिले तर पोटात पचून जाते. हजारो पक्ष्यांना वारंवार टोचणे ना परवडते ना शक्य असते. वाढीचा वेग पैदास, खाद्य आणि व्यवस्थापनातून येतो.

जनुके सक्रिय करणारे टॉनिक उपयोगी पडते का?
स्नायूंतील मायक्रोआरएनए बदलून मांस वाढवणारे कोणतेही टॉनिक कुक्कुटपालनासाठी उपलब्ध नाही. असा दावा करणाऱ्याकडून लेखी माहिती व परवाना मागावा. तेच पैसे थर्मामीटर, वजनकाटा आणि जादा ब्रूडर यांवर खर्च करावेत.

सुरुवातीला मागे पडलेले पिल्लू नंतर भरून काढते का?
वजन काही प्रमाणात भरून निघते. पण पहिल्या आठवड्यात राखीव पेशी कमी पडल्या असतील, तर छातीचे मांस पूर्ण भरत नाही आणि खाद्यही जास्त लागते. त्यामुळे एफसीआर बिघडतो आणि करारातील ग्रोइंग चार्जेस कमी हातात येतात.

मांसातील मायक्रोआरएनए खाल्ल्याने अपाय होतो का?
भात, डाळ, भाजी, दूध, मटण या सगळ्यांत त्या-त्या सजीवाचे मायक्रोआरएनए असतात. माणूस ते पिढ्यान् पिढ्या खात आला आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील बैठकीत मायक्रोआरएनएची नावे पाठ करून घेण्याची गरज नाही. ड्रॉइंग, प्रत आणि सुपरवायझर एवढे उदाहरण पुरते. त्यानंतर एक साधे प्रात्यक्षिक करावे. नवीन लॉट आलेल्या शेडमध्ये आठ तासांनी शेतकऱ्यांना घेऊन जावे, प्रत्येकाला दहा पिल्लांची अन्नपिशवी तपासायला लावावी आणि आकडे फळ्यावर लिहावेत. सातव्या दिवशी तेच शेतकरी बोलावून वजन घ्यावे. दोन आकड्यांचा संबंध त्यांना स्वतःलाच दिसतो. प्रशिक्षणासाठी नारायणगाव व बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रे, तसेच तालुका पशुसंवर्धन विभाग यांच्याशी संपर्क साधावा.

पिल्लू आपल्या शेडमध्ये येते तेव्हा तंतूंची संख्या ठरलेली असते आणि जातही. बाकी राहतात ते सात दिवस. त्या सात दिवसांत ऊब, पाणी, दाणा आणि रात्रीची एक फेरी यांत कसूर झाली नाही, तर पेशीतले सुपरवायझर आपले काम चोख करतात आणि त्याचा हिशोब लिफ्टिंगच्या दिवशी काट्यावर दिसतो.